ॲपल की मायक्रोसॉफ्ट : कोण कुठे सरस?

● नवनिर्मिती : माउसवर चालणारा मॅकिंटॉश जानेवारी १९८४मध्ये आला, तर पहिले विंडोज नोव्हेंबर १९८५मध्ये. दोघांनाही वाट दाखवली ती झेरॉक्सच्या ‘पार्क’ संशोधन केंद्राने.

● जाहिरात : ॲपलच्या २००६च्या ‘गेट अ मॅक’ मालिकेत जीन्समधला बिनधास्त तरुण म्हणजे मॅक आणि सूटबूटातला अवघडलेला गृहस्थ म्हणजे पीसी! मायक्रोसॉफ्टने २००८मध्ये ‘आय ॲम अ पीसी’ म्हणत परतफेड केली.

● ग्राहकसेवा : ॲपलची दुकाने २००१पासून आहेत. तिथल्या ‘जीनियस बार’वर तंत्रज्ञ समोरासमोर अडचण समजून घेतो. मुंबईत बीकेसीतले दुकान एप्रिल २०२३मध्ये उघडले. मायक्रोसॉफ्टने २००९मध्ये दुकानांची साखळी सुरू केली आणि जून २०२०मध्ये ती गुंडाळत असल्याचे जाहीर केले.

● निकाल : जाहिरात आणि सेवेत ॲपलची सरशी, कचेऱ्यांतल्या टेबलांवर मात्र विंडोजचेच राज्य.