अर्जुनीच्या घाटावर

मयतीचा निरोप आला की गोंदिया जिल्ह्यात पहिला प्रश्न ‘कोण गेलं?’ आणि लगेच दुसरा, ‘कोणती अर्जुनी जी?’ जिल्ह्यात अर्जुन्या दोन आहेत आणि दोन्ही तालुक्याची ठिकाणं. एक महामार्गावरची सडक अर्जुनी. दुसरी मोरगावला जोडून नाव घेतलेली, धानाच्या बांध्या आणि जंगल यांच्यामध्ये वसलेली अर्जुनी मोरगाव. ही ओळख दुसरीची आहे. सांगायचंय ते तिथला माणूस शेवटच्या वाटेला कसा लागतो आणि त्याला कोण लावून देतं याबद्दल.

नवेगावबांध, इटियाडोह, प्रतापगड या नावांनी तालुका पर्यटकांना ठाऊक असतो. घाटाबद्दल कुणी लिहीत नाही. आमच्याकडे स्मशानाला घाटच म्हणतात, मग तिथे नदी असो, नाला असो की नुसता तलावाचा काठ असो. ‘अमुक आणि सन्स’ अशी अंत्यविधीची पाटी पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीतल्या गावात शोधू नये. पण पिढीजात काम मात्र आहे. ते एका घराचं नाही, अनेक घरांत वाटलेलं आहे.

अमेरिकेत अशा पाट्या लागल्या त्याची गोष्ट इथे आठवते. तिथे गावातला सुतार टेबल-खुर्च्या करायचा आणि गरज पडली की शवपेटीही. 1861 ते 1865 या काळातल्या यादवी युद्धात दूर मेलेल्या सैनिकांची प्रेतं घरी पाठवायची म्हणून ती टिकवण्याची विद्या पसरली. पुढे सुताराचं दुकान हळूहळू मृतांचं घर झालं आणि बापानंतर मुलगा ते चालवू लागला. आमच्याकडे सुताराच्या जागी बुरड आहे. सुपं, टोपल्या, ढोल्या विणणाऱ्याचा बांबूच तिरडीला लागतो. पण बुरडाचं दुकान अंत्यविधीचं दुकान कधी झालं नाही, कारण तिरडी विकत आणायची वस्तूच नव्हती. ती दारात बांधायची असते. दोन लांब बांबू, आडव्या कामट्या, सुंभ, तणस. धानाचा मुलूख असल्याने तणसाला तोटा नाही. प्रत्येक मोहल्ल्यात एक माणूस असतो ज्याला गाठी नीट येतात. त्याला बोलवावं लागत नाही, तो कोयता घेऊन येतो. त्याच्याजवळ उभा राहून कामट्या देणारा पुतण्या वीस वर्षांनी स्वतः गाठी मारत असतो. घराण्याचा धंदा म्हणावा तर एवढाच, आणि त्याचा मोबदला म्हणजे घाटावरून आल्यावरची आंघोळ.

बाकीची कामंही अशीच विखुरलेली. मडकं कुंभाराचं, कोरं कापड बाजारातलं, केस उतरवायला न्हावी. लाकूड ज्याच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, वाळलेलं झाड असेल त्याचं. भजनी मंडळी टाळ-मृदंग घेऊन पुढे चालतात आणि अर्ध्या वाटेवर विसाव्याला तिरडी टेकवून खांदेकरी बदलतात.

हे चित्र गोड वाटतं, म्हणून त्याची दुसरी बाजू लगेच सांगायला हवी. मराठी मुलखात मरणाची सगळ्यात जड कामं जातीने ठरलेली होती. गावोगाव मयतीची खबर पोचवायची, सरणाचं लाकूड वाहायचं, मेलेली जनावरं ओढायची, ही कामं महारांच्या माथी होती आणि प्रेतावरचं कापड हा त्यांचा ‘हक्क’ समजला जाई. अशा हक्काला हक्क म्हणणाऱ्यांचं धैर्य मोठंच. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिली, त्यानंतर ही कामं नाकारण्याला सामूहिक बळ आलं. आज बौद्ध घरातली अंत्ययात्रा त्रिशरण-पंचशील म्हणत निघते आणि पुढे पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो. त्यात ना कुणाचा वतनी हक्क, ना कुणाची वेठ. जुन्या व्यवस्थेतलं जे मोडलं ते मोडायलाच हवं होतं.

जे मोडायला नको होतं ते लाकूड. उघड्यावरच्या सरणाला तीन-चार क्विंटल लाकूड सहज लागतं. मध्य प्रांताच्या काळापासून या भागात ‘निस्तार’ हा शब्द आहे: गावकऱ्याला घरवापरासाठी जंगलातून जळण, बांबू, गवत घेण्याची मुभा. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही निस्तारपत्रकाची तरतूद राहिली. दहन-दफनासाठी सरकारी जमीन राखून ठेवण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. पण 1975 मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान झालं, 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला आणि जंगलाच्या कडेला राहणाऱ्याचा जंगलात शिरण्याचा रस्ता अरुंद होत गेला. वाघ वाचायलाच हवेत, त्यावर वाद नाही. पण ज्याच्या धुऱ्यावर झाड नाही त्या माणसाला मरणाच्या दिवशी जळाऊ लाकडाचं बीट, म्हणजे मापाचा ढीग, कुठे मिळेल हे विचारत फिरावं लागतं. ते पाहिलं की निस्तार हा केवळ कागदावरचा शब्द उरल्यासारखा वाटतो.

आणि पाऊस. रोवणीच्या दिवसांत मयत झाली की माणसं बांधीतून तशीच येतात, पोटऱ्यांना चिखल लागलेला. घाटाची वाट म्हणजे दोन बांध्यांमधली पार. शासनाच्या जनसुविधा अनुदानातून गावोगाव टिनाची शेडं झाली, त्याने सरण वरून भिजत नाही. खालून भिजलेल्या लाकडाचं काय करायचं याला अनुदान नाही. पूर्वी रॉकेल असे, आता तेही मिळत नाही. वाळलेल्या गोवऱ्या ज्याच्या घरी असतील तो त्या दिवशी गावातला श्रीमंत.

मेलेल्या माणसाला गावाने कायमचं ठेवून घेतल्याचं उदाहरण पाहायचं तर अर्जुनीहून नवेगावबांधला जावं. तिथला तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. कोहळी म्हणजे तलाव बांधणारी जात. भंडारा-गोंदियाला तलावांचे जिल्हे हे नाव मिळालं त्यात त्यांचा वाटा मोठा. डोंगरांच्या मधल्या खिंडी अडवून अफाट पाणी साठवणारा हा माणूस मेल्यावर देव झाला, कोलासूर. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरनेही त्याच्या ठाण्याची नोंद घेतली आहे. भोवतालच्या टेकड्यांना सात बहिणी म्हणतात. बांध घालणाऱ्याचं स्मारक असं की खाली त्याचंच पाणी आणि त्या पाण्यावर पिकणारा धान. कुठल्या संगमरवरी छत्रीला हे जमलेलं मी पाहिलेलं नाही. याच तलावाकाठी वनखात्यात नोकरी केलेल्या मारुती चितमपल्लींनी ‘नवेगावबांधचे दिवस’ लिहिलं. चितमपल्ली 18 जून 2025 ला सोलापुरात, आपल्या जन्मगावी वारले.

तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला प्रतापगड. महाशिवरात्रीला तिथे महादेवाची यात्रा भरते, त्याच वेळी ख्वाजा उस्मान गनी हारुनींच्या दर्ग्यावरही गर्दी असते. बेल वाहणारे चादरीलाही हात लावून येतात. जवळच गोठणगावकडे 1972 पासून तिबेटी निर्वासितांची नॉर्ग्येलिंग वसाहत आहे. आमच्याकडे तेरा दिवसांत मृताला निरोप देऊन मोकळं होतात. तिबेटी श्रद्धेप्रमाणे मेलेल्याचा प्रवास 49 दिवस चालतो आणि तोवर घरच्यांनी प्रार्थना करायच्या असतात. एकाच तालुक्यात दुःखाचे इतके वेगळे हिशेब आहेत.

खरोखर घराणेशाहीने चालणारा अंत्यविधीचा व्यवसाय हवा असेल तर मात्र तालुक्याबाहेर जावं लागतं, अस्थी घेऊन. पूर्व विदर्भातली माणसं अस्थी शिरवायला वैनगंगेकाठी पवनीला जातात, नाहीतर रामटेकच्या अंबाळा तलावावर. तलावाभोवती देवळांची आणि घाटांची रांग आहे. तिथे क्रियाकर्म करणाऱ्या पुरोहितांचं काम बापाकडून मुलाकडे येतं आणि यजमानही तसेच पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले. गाव, आडनाव सांगितलं की ‘तुमचे आजोबा आले होते’ ऐकायला मिळतं. दक्षिणेवरून घासाघीस होते, तीही पिढीजात. पवनीची गंमत निराळी. 1969-70 च्या उत्खननात तिथे प्राचीन बौद्ध स्तूप सापडले. स्तूप म्हणजे मुळात अस्थींवर उभारलेली वास्तू. म्हणजे आपण आज ज्या गावी अस्थी नेतो, तिथे दोन हजार वर्षांपूर्वीही माणसं त्याच विचाराने काही बांधत होती.

राहिली तेरवी, तेराव्या दिवसाचं जेवण. अंत्यविधीत सगळ्यात महाग तीच पडते. सरणाला लागलं नाही तेवढं कर्ज पंगतीला लागतं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत अंत्यसंस्कारावर स्वतंत्र अध्याय लिहिला आणि साधेपणाचा आग्रह धरला. श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या गावांमध्ये सामुदायिक प्रार्थनेने आणि भजनाने निरोप देण्याची पद्धत त्यातून रुळली. ग्रामगीता घरोघरी आहे, तो अध्याय वाचलाही जातो. पंगती मात्र तशाच उठतात. लोकांना दोष देववत नाही. चार गावांचे लोक बांधीतलं काम सोडून खांद्याला आले, त्यांना जेवू न घालता कसं पाठवायचं, असं यजमान विचारतो तेव्हा माझ्याकडेही उत्तर नसतं.

नगरपंचायतीकडे मागणं एकच आहे. शेडं पुरेत. आता घाटावर पावसाळ्यापूर्वी वाळलेल्या लाकडाचा साठा भरून ठेवा आणि त्याचा दर भिंतीवर लिहा.

आणि बाहेरगावच्या पाहुण्यांना एक सांगणं. मयतीला यायचं असेल तर अर्जुनी स्टेशन गोंदिया-बल्लारशाह मार्गावर आहे, गोंदियाहून येताना वडसा स्टेशनच्या अलीकडे. नागपूरहून महामार्गाने येणारी बस तुम्हाला सडक अर्जुनीला उतरवेल. ती ही अर्जुनी नव्हे.