‘टच्’पासून धारच्या अंड्यांपर्यंत

देवासच्या घरात ओट्यावरून अंडं निसटलं, की आधी ‘टच्’ आवाज येतो, मग आईचा! ९० सेंटिमीटर खाली येईपर्यंत त्याचा वेग ताशी १५ किलोमीटर होतो. फरशी त्याला क्षणात थांबवते, म्हणून दणका मोठा बसतो. घडी घातलेली गोधडी हळू थांबवते, म्हणून ते वाचू शकतं. कवच तडकतं, पण आतला द्रव आवाज घुमू देत नाही.

तिकडे धार जिल्ह्यात, बाग-कुक्षी भागात, डायनासोरची ९२ घरटी आणि २५६ अंडी सापडल्याचं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. पाडल्या गावात तर असे गोल दगड ‘काकड भैरव’ म्हणून पुजले जात.

घरचं अंडं दुकानातून पुन्हा येईल. साडेसहा कोटींहून जास्त वर्षं टिकलेलं फुटलं, तर? बघायला जरूर जा, उचलू मात्र नका.