गाजर गवताची सत्तर वर्षं आणि वऱ्हाडचं ताट

पावसाळा अर्धा सरला की अमरावती-अकोल्याकडे धुऱ्यांवर, रेल्वेरुळांच्या कडेला आणि लेआउट पाडून मोकळ्या ठेवलेल्या प्लॉटांवर पांढरी बारीक फुलं दिसू लागतात. त्याच सुमारास घरोघरी शिंका सुरू होतात. नाक गळतं, डोळे चुरचुरतात, टाळूला खाज सुटते, पण अंगात ताप नसतो. पूर्वी याला सर्दीच म्हणत आणि सर्दीचेच उपचार करत. ही परागकणांची ॲलर्जी आहे, हे वऱ्हाडाला कळायला बराच काळ गेला. दोष एकट्या गाजर गवताचा नाही. इतर गवतं असतात, सप्टेंबरातली बुरशी असते, जिनिंगच्या भागात कापसाची धूळही असते. पण गेल्या सत्तर वर्षांत नव्यानं येऊन सगळीकडे पसरलं ते हेच.

स्वातंत्र्योत्तर भारतात त्याची पहिली ठळक नोंद पुण्यातली, 1955 सालची. ते अमेरिकेच्या पीएल-480 योजनेतल्या गव्हाबरोबर आलं, असं आपण सगळेच सांगतो. मात्र त्या योजनेचा भारताशी करार झाला ऑगस्ट 1956 मध्ये, म्हणजे गवत दिसल्यानंतर. अमेरिकेचा गहू 1951 च्या कर्जातूनही आला होता, तेव्हा वाट तीच असेल. पण वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गच्या 1814 च्या कलकत्त्याच्या वनस्पतीयादीतही या झाडाचं नाव आहे. सगळा दोष एका जहाजावर टाकणं सोयीचं आहे, एवढंच. पुण्यात हे गवत दिसलं त्या वर्षांत केंद्रात शेती खातं सांभाळत होते डॉ. पंजाबराव देशमुख, आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे. त्यांच्याच नावाचं कृषी विद्यापीठ 1969 मध्ये अकोल्यात उभं राहिलं, आणि याच मातीत या गवतानं बस्तान बसवलं. एका झाडाला हजारोंनी बिया लागतात. उगवल्यापासून महिना-सव्वा महिन्यात ते फुलावर येतं. त्यातल्या पार्थेनिन या द्रव्यामुळे गुरं त्याला तोंड लावत नाहीत. मग ते पसरणार नाही तर काय!

आधी त्याचा त्रास कळला तो कातडीला. निंदणाला जाणाऱ्या बायांच्या हातांवर, मानेवर, पापण्यांवर चट्टे उठले. नाकाचा त्रास मोजला गेला तो बराच उशिरा. बंगळुरूच्या संशोधकांनी 1991 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तिथल्या सुमारे 7 टक्के लोकांना या परागांमुळे नाकाची ॲलर्जी असल्याचं आढळलं. वऱ्हाडातल्या मजूर बायांची अशी मोजदाद झाली असती, तर आकडा काय निघाला असता?

दरम्यान आपण उपाय शोधत होतो तो स्वयंपाकघरात. हळद-दूध, आल्याचा चहा, तुळशीचा काढा हे तर पिढीजातच. 2020 मध्ये आयुष मंत्रालयानं तुळस, दालचिनी, सुंठ, मिरी आणि मनुकांचा काढा सुचवला, तेव्हा तो अनेक घरांत नव्यानं शिरला आणि कोरोना ओसरल्यावर शिंकांसाठी राहिला. याला हसण्याचं कारण नाही. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 241 रुग्णांतल्या ज्यांना दोन महिने कर्क्युमिन दिलं, त्यांच्या शिंका आणि नाक चोंदणं कमी झालं. थायलंडमध्ये 2020 साली आल्याचा अर्क लोराटाडिन या नेहमीच्या गोळीच्या जवळपास उतरला. पण दोन्हीकडे मोजूनमापून दिलेलं औषधी द्रव्य होतं. आपल्या हळदीत कर्क्युमिन असतं शेकड्याला तीनच्या आसपास. कपभर दुधातल्या चिमूटभर हळदीनं घशाला बरं वाटतं. तिच्याकडून याहून मोठी अपेक्षा करू नये.

मधाची गोष्ट आणखी गमतीची. मेळघाटचा मध रोज चाटला की इथल्या परागांची शरीराला सवय होते, असं ठामपणे सांगणारे बरेच भेटतात. पण ॲलर्जीचे पराग मुख्यतः वाऱ्यानं उडणारे, आणि मधमाशी जाते ती मध देणाऱ्या फुलांवर. 2002 मध्ये अमेरिकेतल्या कनेक्टिकटमध्ये स्थानिक कच्चा मध, दुकानातला मध आणि मधाच्या स्वादाचं मक्याचं सिरप यांची तुलना झाली, तेव्हा तिघांत काही फरक पडला नाही. मलेशियातल्या एका चाचणीत फायदा दिसला, पण तिथे वजनाच्या दर किलोला 1 ग्रॅम मध रोज द्यावा लागला होता, तोही गोळीच्या जोडीनं. म्हणजे साठ किलोच्या माणसाला साठ ग्रॅम. मधुमेही घरांनी यातून काय ते समजावं.

ठेच्याबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. झणझणीत खाल्लं की नाक वाहतं आणि मोकळं झाल्यासारखं वाटतं. ती नाकातल्या नसांची तिखटावरची प्रतिक्रिया. ॲलर्जी तिथेच असते. जवसाची चटणी मात्र ताटात ठेवावी. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास ओमेगा-3 असतं. त्यानं शिंका थांबतात असा पुरावा नाही, पण सोयाबीन आल्यापासून जवस आपल्या वावरांतून हटला याचं वाईट वाटतंच. आणखी एक: अमेरिकेतला रॅगवीड हा गाजर गवताचा जवळचा भाऊ. त्याची ॲलर्जी असलेल्या काहींना केळं किंवा खरबूज खाल्ल्यावर तोंडाला खाज सुटते. आपल्याकडेही कुणाला असं होत असेल, तर त्या दिवसांत ती फळं बाजूला ठेवावीत. शेवंती गाजर गवताच्याच कुळातली, तेव्हा तिच्या फुलांचा चहाही जपून घ्यावा.

या सगळ्यात वऱ्हाडी ताटाचा खरा उपयोग सापडतो तो तरोट्यात. पहिल्या पावसानंतर उगवणाऱ्या तरोट्याची कोवळी पानं लसूण-मिरची घालून परततात, ती भाजी इथे कुणाला सांगावी लागत नाही. तण-शास्त्रज्ञ याच तरोट्याची शिफारस करतात, कारण तो दाट वाढून गाजर गवताला जागाच देत नाही. 1984 मध्ये बंगळुरूला गाजर गवतावर सोडलेला मेक्सिकन भुंगा पुढे महाराष्ट्रातही आला. तो पानं खातो, पण पावसाळ्यापुरता. कोरड्या दिवसांत जमिनीत दडून बसतो. तरोटा फुकटचा. उन्हाळ्यात बी फेकलं की झालं.

देशात दरवर्षी 16 ते 22 ऑगस्टला गाजर गवत जागृती सप्ताह पाळतात. आपल्याकडे जूनमध्ये उगवलेलं गवत तोवर फुलून परागही उडवू लागलेलं असतं. म्हणून उपटायचं तर जुलैत, फुलं येण्याआधी, ओल्या मातीत, हातमोजे घालून. दम्याच्या माणसानं या कामाला हात लावू नये. नाक फारच त्रास देत असेल, तर उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यानं धुवावं आणि डॉक्टरांची गोळी नाकारू नये. घराशेजारच्या मोकळ्या प्लॉटाचा मालक पुण्यात किंवा नागपुरात असेल, तर यंदा जूनमध्येच त्याला फोन करा.