मायक्रोवेव्हसाठी डायोड: ०.३ व्होल्टच्या पलीकडे

डायोड निवडायचा म्हटले की बहुतेकांची नजर आधी एकाच आकड्यावर जाते: सिलिकॉनचे ०.७ व्होल्ट आणि शॉटकीचे ०.३. सिग्नल त्याहून लहान असेल तर डायोड उघडतच नाही, ही समजूत पाठ्यपुस्तकातल्या सोप्या आकृतीने रुजवली आहे. प्रत्यक्षात असा उंबरठाच नसतो. डायोडमधला प्रवाह व्होल्टेजबरोबर घातांकी रीतीने वाढतो, त्यामुळे शून्य व्होल्टपाशीही त्याचा आलेख वाकलेला असतो, आणि डीसी मिळायला तेवढा वाक पुरतो. १ मायक्रोवॅट शक्तीचे ५० ओहमवर शिखर व्होल्टेज अवघे १० मिलिव्होल्ट भरते. तरी चांगला डिटेक्टर डायोड त्यातून मोजता येण्याजोगा डीसी काढतो. मात्र या पातळीवर डीसी व्होल्टेज शक्तीच्या प्रमाणात मिळते. सिग्नलचे व्होल्टेज निम्मे झाले की डीसी चौथाईवर येते, म्हणून इतक्या क्षीण सिग्नलमधून ऊर्जा साठवण्याच्या योजनांकडून फार अपेक्षा ठेवू नयेत.

दुसरा गैरसमज अधिक महागात पडतो: शॉटकी घेतला की वेगाचा प्रश्न मिटला. वाय-फायच्या २.४५ गिगाहर्ट्झला एक आवर्तन सुमारे ०.४ नॅनोसेकंदात संपते. १एन४१४८ या साध्या सिलिकॉन डायोडला बंद व्हायलाच ४ नॅनोसेकंद लागू शकतात, म्हणजे तो बाद. शॉटकीत ही अडचण नाही, हे खरे. पण पॉवर सप्लायसाठी बनवलेल्या १एन५८१९ चे जंक्शन मोठे असते. ४ व्होल्ट उलट्या दाबालाही त्याचा कपॅसिटन्स ११० पिकोफॅरडच्या आसपास, म्हणजे या वारंवारितेला जेमतेम ०.६ ओहम. सिग्नल जंक्शनला वळसा घालून निघून जातो. डिटेक्टरसाठीच्या एसएमएस७६३० मध्ये हाच कपॅसिटन्स ०.१४ पिकोफॅरड, म्हणजे साडेचारशेहून अधिक ओहम. जुन्या जर्मेनियम डायोडचा कपॅसिटन्स कमी असला, तरी त्याच्या लांब तारांचे इंडक्टन्स इथे आडवे येते.

यावर जाणकार आक्षेप घेतात: कपॅसिटन्स कॉइल लावून ट्यून करता येतो, मग त्याची एवढी धास्ती कशाला? ट्यूनिंगने सिग्नलचे परावर्तन थांबते, पण कपॅसिटन्समधून वाहणारा प्रवाह डायोडच्या आतल्या सिरीज रेझिस्टन्समधूनच जातो आणि तिथे उष्णता होते. बाहेरची कोणतीही कॉइल हा तोटा भरून काढत नाही. मग कटऑफ फ्रिक्वेन्सी सर्वांत जास्त असलेला डायोड घ्यावा का? तेही फसवे आहे. एसएमएस७६३० ची कटऑफ सुमारे ५७ गिगाहर्ट्झ, एचएसएमएस-२८६० ची दीडशेच्या जवळ. पण दुसऱ्याचा सॅच्युरेशन करंट शंभरपट कमी असल्याने शून्य बायसला त्याच्या जंक्शनचा रेझिस्टन्स पाच लाख ओहमच्या वर जातो. अतिक्षीण सिग्नलच्या हिशेबात २.४५ गिगाहर्ट्झला त्याच्या जंक्शनपर्यंत जेमतेम ४ टक्के शक्ती पोहोचते. एसएमएस७६३० मध्ये दोन तृतीयांश. त्याच २८६० ला ५ मायक्रोअँपिअरचा बायस दिला की चित्र पालटते आणि तो सरस ठरतो. डेटाशीटवरचा एकटा आकडा निवड करू शकत नाही. सिग्नल किती शक्तीचा आहे आणि बायस देता येईल का, हे आधी ठरवावे लागते.

शक्ती वाढली की निकष पुन्हा बदलतात. एका डायोडच्या रेक्टिफायरमध्ये उलटा दाब डीसीच्या जवळपास दुप्पट होतो. एसएमएस७६३० चा ब्रेकडाउन २ व्होल्टला होतो, म्हणून त्याचे डीसी १ व्होल्टच्या आसपास अडकते. क्षीण सिग्नलसाठी उत्तम असलेला डायोड इथे निकामी. २८६० सात व्होल्टपर्यंत टिकतो, एचएसएमएस-२८२० पंधरापर्यंत, पण २८२० चा कपॅसिटन्स ०.७ पिकोफॅरड आहे. मायक्रोवेव्ह रेक्टिफायरची कार्यक्षमता मुळातच कमी असते, असेही म्हटले जाते. पण १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोन इथे विल्यम ब्राउन आणि जेट प्रपल्शन लॅबोरेटरीच्या चमूने २.३८८ गिगाहर्ट्झवर सुमारे दीड किलोमीटर अंतरावरून ३० किलोवॅटहून अधिक डीसी शक्ती मिळवली, आणि रेक्टिफायरची कार्यक्षमता ८० टक्क्यांच्या वर गेली. तिथे वापरलेले गॅलियम आर्सेनाइडचे शॉटकी डायोड त्या शक्तीसाठी निवडलेले होते.