भागांची तेजी व गुंतवणूकदारांचा आशावाद : मुंबईचा १८६१-६५ मधील अनुभव

भागांचे भाव चढू लागले की गुंतवणूकदारांचा विवेक लोपतो, असे सामान्यतः म्हटले जाते. मुंबईतील १८६१ ते १८६५ च्या तेजीचा विचार करता हे विधान अपुरे वाटते. त्या आशावादास आरंभी भक्कम आधार होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना होणारा तेथील कापसाचा पुरवठा खुंटला, हिंदी कापसाचे भाव कडाडले व तो नफा मुंबईच्या पेढ्यांत साचला. प्रश्न उद्भवतो तो पुढे. हा पैसा नव्या बँका व समुद्र हटवून जमीन काढू पाहणाऱ्या कंपन्या यांच्या भागांकडे वळला. बॅकबे कंपनीचा पाच हजारांचा भाग सुमारे पन्नास हजारांपर्यंत चढला. जमीन मात्र बहुतांशी पाण्याखालीच होती!

बँका भागांच्याच तारणावर कर्जे देत. भाव चढला की तारणाचे मूल्य वाढे, त्यावर अधिक कर्ज मिळे, आणि त्या कर्जातून पुन्हा भागच विकत घेतले जात. म्हणजे भाववाढ हेच भाववाढीचे कारण बनले. अशा स्थितीत प्रत्येक कर्जदार स्वतःच्या हिशेबाने सधनच होता, हे विसरता कामा नये.

एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली शरण गेले. ती वार्ता मुंबईस पोचली, कापूस उतरला आणि तेच चक्र उलटे फिरू लागले. १ जुलै १८६५ रोजी वायदे पुरे करण्याची वेळ आली, तेव्हा देणेकऱ्यांपाशी पैसा नव्हता. प्रेमचंद रायचंदांसारखे धनिकही बुडाले. बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली.