जाळ्याची वाट जाळ्याला ठाऊक

जून 2020 मध्ये ‘क्वाई’ नावाचं शिडाचं मालवाहू जहाज होनोलुलूच्या धक्क्याला लागलं. एरवी ते हवाई आणि पॅसिफिकमधल्या चिमुकल्या बेटांच्या दरम्यान सामानाची ने-आण करायचं. या खेपेला त्याच्या पोटात 103 टन कचरा होता. (हे अमेरिकी टन, आपल्या हिशेबानं 93 च्या आसपास.) 48 दिवसांच्या फेरीत उचललेला, आणि त्यात मुख्य भरणा मच्छीमारांच्या सुटलेल्या, तुटलेल्या, टाकून दिलेल्या जाळ्यांचा. आदल्या वर्षी याच जहाजानं चाळीसेक टन आणला होता.

मोहीम ‘ओशन व्हॉयेजेस इन्स्टिट्यूट’ची. मेरी क्राउली या दर्यावर्दी बाईंनी ही संस्था 1979 साली कॅलिफोर्नियातल्या सॉसलिटोला सुरू केली. तेव्हा उद्देश होता लोकांना सागरी विद्या शिकवण्याचा. कचऱ्याचं काम पुढं मागं लागलं.

ही जाळी हवाई आणि कॅलिफोर्निया यांच्यामधल्या कचऱ्याच्या पट्ट्यातली. हा पट्टा प्लॅस्टिकचं बेट असल्यासारखा सांगितला जातो. तसं तिथं काही नाही. 2018 च्या एका अभ्यासानुसार 16 लाख चौरस किलोमीटरवर, म्हणजे पाच महाराष्ट्र मावतील एवढ्या पाण्यावर, सुमारे 79 हजार टन प्लॅस्टिक विखुरलं आहे. चौरस किलोमीटरला पन्नास किलोसुद्धा पडत नाही. त्यातला 46 टक्के भार जाळ्यांचा. जहाजावरून दिवसभर टक लावून बसलं तरी हाती काही न लागण्याचीच शक्यता जास्त, आणि डिझेल तर जळतच असतं.

यावर या मंडळींनी काढलेला तोडगा बोलिंगच्या चेंडूएवढा आहे. उपग्रहाशी बोलणारा जीपीएसचा गोळा. तो पॅसिफिक ओलांडणाऱ्या हौशी शिडवाल्यांना, मालवाहू आणि मासेमारी जहाजांना देऊन ठेवायचा. वाटेत जाळं दिसलं की त्याला बांधायचा आणि आपल्या वाटेनं निघून जायचं. गोळा आपला ठावठिकाणा कळवत राहतो. जाळं आज उचलायलाच हवं असं नाही. ते कुठं आहे हे कळत राहिलं की बास.

खरी गंमत पुढं आहे. हवाई विद्यापीठातले समुद्रशास्त्रज्ञ निकोलाय मॅक्सिमेन्को प्रवाहांबरोबर कचरा कसा वाहतो याचा अभ्यास करतात. समुद्र कचरा निवडतो, सुपातल्या धान्यासारखा. रिकामी बाटली पाण्याच्या वर राहून तरंगते, तिला वारा ढकलतो. जाळ्याचा गुंता पाण्याखाली खोल लोंबतो, त्याला वारा फारसा शिवत नाही. तो प्रवाहाचं ऐकतो. त्यामुळं सारख्या वस्तू सारख्या जागी जमतात. चोराच्या वाटा चोराला ठाऊक, तसं एक गोळा बांधलेलं जाळं गाठलं की आसपास बिनगोळ्याची आणखी जाळी सापडतात. माझ्या मते या सगळ्या उद्योगातली अक्कल इथं आहे, यंत्रात नाही.

गोळ्यानं सांगितलेल्या ठिकाणी पोचल्यावर ड्रोनची पाळी. लाटेच्या उंचीवरून नजर फार लांब जात नाही आणि हिरवट जाळं निळ्या पाण्यात लपतं. वरून पाहिलं की तेच डागासारखं उठून दिसतं. पण ड्रोनची बॅटरी अर्ध्या तासाच्या आसपास टिकणार, आणि हलत्या डेकवर तो परत उतरवायचा म्हणजे हात सरावाचा हवा. म्हणून डोलकाठीवर माणूस चढलेलाच असतो. पूर्वी देवमाशांसाठी चढायचा, आता जाळ्यांसाठी.

मग सुरू होते हमाली. छोटी होडी जाते, गुंत्याला दोर अडकवतात, क्रेन कण्हत उचलते. काही गुंते पाच टनांचे, काही आठ टनांचे निघाले. पाणी निथळलं की मोठमोठ्या पिशव्यांत भरून ते जहाजाच्या पोटात जातात. या टप्प्याला अजून कुठलाही सेन्सर उपयोगी पडलेला नाही. आणि हे सगळं तरंगणाऱ्या पॉलिथिलीन-पॉलिप्रॉपिलीनच्या जाळ्यांपुरतं. नायलॉन पाण्यापेक्षा जड; बोये सुटले की ते जाळं तळाशी जातं आणि तिथं ना गोळा पोचतो ना ड्रोन. एकूण 79 हजार टनांपुढं शंभर टन किती, हा हिशेब वाचकानं करावाच. तरी तरंगतं जाळं उचललं की त्यात अडकून मरणारी कासवं त्या दिवसापासून वाचतात, आणि पुढं त्याचं चूर्ण व्हायचं तेही टळतं.

आपल्याकडं उपग्रहाचा धागा आधीच आलेला आहे, फक्त उलट्या टोकानं. जानेवारी 2022 मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर ‘प्रथमा’ नावाच्या ऑलिव्ह रिडले मादीच्या पाठीवर ट्रान्समीटर बसवला. पाठोपाठ आंजर्ल्याची ‘सावनी’, आणि गुहागरहून आणखी. कासवं कुठं जातात ते त्यामुळं कळू लागलं. जाळ्यात सापडलेलं कासव सोडवण्यासाठी जाळं कापणाऱ्या मच्छीमाराला राज्य सरकार 2018 पासून भरपाईही देतं. सुटलेलं जाळं मात्र कुठं जातं, हे पाहायला असाच एखादा गोळा हवा. अरबी समुद्राचे प्रवाह मोसमाप्रमाणं दिशा बदलतात, त्यामुळं पॅसिफिकचं गणित इथं तसंच्या तसं चालणार नाही. इथलं वेगळं मांडावं लागेल. हर्णैच्या दोन-चार होड्यांवर असे गोळे ठेवून सुरुवात करायला हरकत नसावी. सुटलेलं जाळं पहिल्यांदा दिसतं ते त्यांनाच.