प्रोस्टेटच्या ऑपरेशनची तारीख दोन महिन्यांनंतरची मिळाली, तर?

डिंडोली, नवागाम, लिंबायत या सुरतेच्या भागांत धुळे, नंदुरबार, जळगावकडून आलेली मराठी कुटुंबं दोन-तीन पिढ्यांपासून राहतात. लूमच्या कारखान्यांत आणि डाइंग मिलमध्ये 12-12 तासांच्या पाळ्या केलेली माणसं आता साठी-सत्तरीत आहेत, आणि प्रोस्टेटचा कॅन्सर प्रामुख्याने याच वयात गाठतो. निदान होतं, डॉक्टर ऑपरेशन सुचवतात, तारीख मिळते दीड-दोन महिन्यांनंतरची. घरच्यांची झोप उडते आणि भेटायला येणारा प्रत्येक जण काहीतरी सांगून जातो. त्यातल्या बऱ्याच गोष्टी चुकीच्या असतात. त्यामुळे पेशंट ऑपरेशनलाच नकार देतो, किंवा तयारीचे सोन्यासारखे दिवस नुसते काळजीत घालवतो.

“दोन महिन्यांत कॅन्सर अंगभर पसरेल.”

प्रोस्टेटच्या आत मर्यादित असलेला कॅन्सर बहुतेकदा फार हळू वाढतो. ब्रिटनमध्ये 50 ते 69 वयाच्या 1,643 पुरुषांचा मोठा अभ्यास झाला. काहींचं ऑपरेशन केलं, काहींना रेडिएशनचा शेक दिला, काहींवर नियमित तपासण्या करून फक्त लक्ष ठेवलं. 15 वर्षांनंतर, 2023 मध्ये, निष्कर्ष आले. तिन्ही गटांत मिळून प्रोस्टेटच्या कॅन्सरने दगावलेले शंभरात तीनही नव्हते. काही आठवडे थांबण्यामागे वैद्यकीय कारणही असतं. बायोप्सीत सुया टोचल्याने आत सूज आणि रक्त साचतं. ते निवळावं म्हणून अनेक सर्जन सहा ते आठ आठवडे मध्ये जाऊ देतात.

पण हा दिलासा सरसकट सगळ्यांना लागू नाही. रिपोर्टवर ‘ग्लीसन स्कोअर’ लिहिलेला असतो. तो 6 असेल तर आजार सौम्य, आणि अशा वेळी ऑपरेशन लगेच करायलाच हवं का, हेही विचारता येतं. तो 8, 9 किंवा 10 असेल, तर रेंगाळू नये. “माझा स्कोअर किती आणि मी किती दिवस थांबू शकतो?” हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. कंबरेत किंवा हाडांत नव्याने दुखू लागलं, पायांतली ताकद गेली किंवा लघवी अडली, तर तारखेची वाट न पाहता दवाखाना गाठा. आणि ठरलेल्या तारखेची वाट पाहणं वेगळं, “आधी गावाकडचं झाडपाल्याचं औषध करून बघू” म्हणत तारीख सोडून देणं वेगळं. खरं नुकसान त्या दुसऱ्या थांबण्यात होतं.

“चाकू लागला की कॅन्सर भडकतो.”

खानदेशात काय आणि सुरतेत काय, ही समजूत फार खोल रुजली आहे. पूर्वी लोक इतक्या उशिरा दवाखान्यात यायचे की पोट उघडेपर्यंत आजार पसरलेला असायचा. माणूस काही महिन्यांत जायचा आणि दोष चाकूवर यायचा. ऑपरेशनने किंवा आत हवा लागल्याने कॅन्सर भडकत नाही. बायोप्सीच्या सुईवाटे प्रोस्टेटचा कॅन्सर पसरणं तर अत्यंत दुर्मीळ आहे.

“शेजारच्या नानांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं, ते चौथ्या दिवशी घरी फिरत होते.”

नानांचं ऑपरेशन बहुधा वेगळं होतं. वय वाढलं की मूत्राशयाखालची अक्रोडाएवढी प्रोस्टेट ग्रंथी फुगते आणि लघवी अडते. तेव्हा लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून आतला अडथळा खरवडून काढतात. ग्रंथीचा बाहेरचा भाग तसाच राहतो, म्हणून असं ऑपरेशन झालेल्या माणसालाही पुढे तिथे कॅन्सर होऊ शकतो. कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये सबंध ग्रंथी आणि वीर्यकोश काढतात, मग मूत्राशय मूत्रनलिकेला पुन्हा शिवतात. या नव्या जोडामुळेच नंतरची पथ्यं कडक असतात. नानांचा अनुभव तुमच्यासाठी मोजमाप नाही.

“रोबोटने केलं तरच नीट होतं.”

रोबोट स्वतः काही करत नाही, त्याचे हात सर्जन चालवतो. रक्त कमी जातं, जखमा लहान असतात, हे खरं. पण ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये उघडं आणि रोबोटचं ऑपरेशन यांची तुलना केली, तेव्हा दोन वर्षांनंतर लघवीवरच्या ताब्यात आणि लैंगिक क्षमतेत दोन्ही गट सारखेच निघाले. सर्जनचा हात किती सरावलेला आहे, हे जास्त महत्त्वाचं. त्यामुळे केवळ रोबोटसाठी शेत किंवा दागिने गहाण टाकण्याआधी दुसरं मत घ्या. आयुष्मान कार्डावर गुजरातेत 2023 पासून कुटुंबाला वर्षाला 10 लाखांपर्यंत संरक्षण आहे. कार्ड महाराष्ट्रातल्या गावचं असलं, तर योजनेतल्या रुग्णालयाच्या खिडकीवर ते इथे चालेल का, हे आधी विचारा. रोबोटचा जादा खर्च त्यात बसतो का, तेही त्याच वेळी विचारून घ्या.

“तारखेपर्यंत पूर्ण आराम करा.”

हा सल्ला मायेपोटी दिलेला असतो, पण उलटा आहे. अंथरुणावर पडून राहिलेलं शरीर भूल आणि ऑपरेशन कमी सोसतं. सकाळी डिंडोलीतल्या छठ सरोवराच्या काठाने अर्धा तास भरभर चाला. बिडी, सिगारेट आजच बंद करा. चार आठवडे आधी सोडली तरी फुप्फुसाचे आणि जखमेचे त्रास कमी होतात. साखर आणि बीपी आटोक्यात आणा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या, आणि काढे-चूर्णंही, डॉक्टरांना दाखवा. स्वतःच्या मनाने काही बंद करू नका.

आणि आजपासूनच शिकायचा तो व्यायाम. चारचौघांत वारा सरू नये म्हणून माणूस आतून जे स्नायू आवळतो, तेच आवळायचे. पोट, मांड्या, कुल्ले सैल ठेवायचे, श्वास रोखायचा नाही. पाच आकडे मोजेपर्यंत धरा, तेवढाच वेळ सैल सोडा, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. हळूहळू दहा आकड्यांपर्यंत जा. आधी झोपून, मग बसून, मग उभं राहून. ग्रंथी काढल्यावर लघवी धरून ठेवण्याचं बरंचसं काम याच स्नायूंवर येतं. ऑपरेशननंतर लघवीची नळी असेपर्यंत मात्र हा व्यायाम बंद ठेवायचा.

“नळी निघाली किंवा तुंबली तर गल्लीतला कंपाउंडर बदलून देईल.”

हे कदापि करू नका. नळी साधारण एक ते दोन आठवडे ठेवतात, ती त्या कच्च्या जोडाला आधार देते. बाहेरून आंधळेपणाने घातलेली नळी तो जोड फाडू शकते. लघवीच्या पिशवीत थेंब पडेनासा झाला आणि ओटीपोट फुगलं, किंवा नळीच निघून आली, तर रात्र असो की दिवस, ऑपरेशन केलेल्या टीमकडेच जा. लघवी गुलाबीसर दिसली तर घाबरू नका, पाणी वाढवा. लालभडक रक्त, गुठळ्या, थंडी वाजून ताप, एका पायाला सूज किंवा अचानक दम लागणं, यांपैकी काही झालं तर मात्र थांबायचं नाही. एका खोलीच्या घरातही जपता येईल ती गोष्ट म्हणजे पिशवी कायम कंबरेखाली, पण जमिनीला न टेकता लटकवणं. नळी मांडीला चिकटपट्टीने बांधा, म्हणजे उठता-बसता ओढ बसत नाही.

“लघवी गळते, म्हणजे ऑपरेशन फसलं.”

नळी काढल्यावर बहुतेकांची लघवी गळते, खोकताना-उठताना जास्त. तीन ते सहा महिन्यांत बऱ्याच जणांना ताबा येतो, काहींना वर्ष लागतं. थोड्यांचं गळणं राहतंच, पण त्यावरही उपचार आहेत. पॅड आधीच आणून ठेवा. पाणी पिणं तोडू नका, आणि बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कुंथल्याने जोडावर ताण येतो. सहा आठवडे कापडाचे ताके, लूमचे बीम, पाण्याचे हंडे, गॅसची टाकी यांतलं काही उचलायचं नाही.

“पुरुषत्व गेलं.”

याविषयी कोणी बोलत नाही, म्हणून सगळ्यात जास्त भीती याचीच. पुरुषी हार्मोन मुख्यतः वृषणांत बनतं आणि या ऑपरेशनमध्ये वृषणांना हात लावत नाहीत. वीर्य येणं थांबतं, सुखाची जाणीव राहू शकते. ताठरपणा बहुतेकांचा सुरुवातीला जातो. शेजारच्या नसा वाचवता आल्या असतील तर तो हळूहळू परतू शकतो, त्याला दोन वर्षांपर्यंत लागतात, आणि सगळ्यांचा पूर्ण परतत नाही. हे ऑपरेशनआधी पत्नीला सोबत घेऊन डॉक्टरांशी बोला. हृदयासाठी सॉर्बिट्रेट घेणाऱ्याने मेडिकलमधून परस्पर ताठरपणाची गोळी आणणं जिवावर बेतू शकतं.

“ऑपरेशन झालं, आता गावी जाऊन आराम.”

नळी असताना उधन्याहून नंदुरबार-अमळनेरचा रेल्वेप्रवास टाळा. ती निघाल्यावर, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, जरूर जा. पण काढलेल्या ग्रंथीचा बायोप्सी रिपोर्ट घेतल्याशिवाय जाऊ नका. पुढे उपचार लागतील का, हे त्यावर ठरतं. साधारण सहा ते आठ आठवड्यांनी पहिली पीएसए रक्ततपासणी होते. ग्रंथीच नसल्याने तो आकडा जवळजवळ शून्य यायला हवा, आणि त्यानंतरही वर्षानुवर्षं ठरावीक अंतराने ती करावीच लागते. त्या तारखा घरातल्या मुलाच्या किंवा सुनेच्या मोबाइलमध्ये आजच टाकून ठेवा, आणि गावी असलात तरी त्या दिवशी परत या.